पेनड्राइववर मावलं पाहिजे! (वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

मागच्या अंकात टेक्स्ट एडिटरबद्दल लिहिलं होतं, वर्ड नाही, साधा मजकूर लिहायचा एडिटर (व्हीएस कोड, नोटपॅड प्लस प्लस, विम असे), आणि शेवटी सहज लिहून गेलो की त्यात आपली आपली लहान अवजारं (एक्स्टेन्शन, प्लगइन म्हणतात त्यांना) बनवून जोडता येतात. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचा सगळा कॉलम त्यातच जातोय. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते घेतले. पत्रातली बोली जशी होती तशीच ठेवली, ती सुधारायचं काही कारण मला दिसत नाही.

प्रश्न : दादा, मी ग्रामपंचायतमधी संगणक परिचालक आहो. आम्ही तिघायनं मिळून व्हीएस कोडसाठी पाच लहान लहान एक्स्टेन्शन बनवले. एक मराठी आकडे इंग्रजी करते, एक ठरावाचा मसुदा टाकते, एक यादीतले डबल नावं काढते, असे. मंग त्या पाचायचा एक एक्स्टेन्शन पॅक बनवला, पेनड्राइववर घेतला अन् बाजूच्या गावच्या पंचायतीत नेला. तिथं नेट नाई अन् कॉम्प्युटर बी जुना, विंडोज ७ वाला. इन्स्टॉल झालं म्हणते, पण आत एकबी कमांड नाई. माया मशिनवर तं सगळं चालते. काऊन असं होऊन रायलं?
(एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ)

उत्तर : भाऊ, तुम्ही बाजारात सामानाची यादी नेली, सामान घरीच राहिलं. एक्स्टेन्शन पॅक म्हणजे नुसती यादीच असते. त्या पॅकच्या पॅकेज डॉट जेसन फाइलीत ‘एक्स्टेन्शन पॅक’ नावाची एक ओळ असते, तिच्यात फक्त पाच नावं लिहिलेली असतात, कोणाचं एक्स्टेन्शन आणि कोणतं, बस. खरा कोड त्यात नसतोच. पॅक इन्स्टॉल करताना व्हीएस कोड ती नावं घेऊन मार्केटप्लेसवर (एक्स्टेन्शनांच्या ऑनलाइन बाजारात) शोधायला जातो, तिथं नेटच नाही तर तो मुकाट्याने पुढे निघून जातो आणि पॅक इन्स्टॉल झाला म्हणून सांगतो, आणि तो खोटंही बोलत नाही, यादी इन्स्टॉल झालीच ना! बरं नेट असतं तरी काही मिळालं नसतं, कारण तुमची पाचही अवजारं तुम्ही मार्केटप्लेसवर कधी टाकलीच नाहीत. तुमच्या मशिनवर चालतं कारण तिथं ती पाचही आधीपासून बसलेली आहेत. खात्री करायची तर पॅकच्या व्हीएसआयएक्स फाइलीची (जी इन्स्टॉल करायची तिची) साइज पाहा, काही केबीच असेल. ती फाइल म्हणजे खरं तर झिपच असते, नाव बदलून शेवटी झिप करा आणि उघडून पाहा, आत कोडची एक फाइल सापडणार नाही.

आता करायचं काय. माझं मत विचाराल तर पॅकचा नाद सोडा. पॅक हा दुसऱ्यांनी बनवलेली, मार्केटप्लेसवर असलेली दहा एक्स्टेन्शनं एका झटक्यात लावायला चांगला आहे, गावात फिरवायला नाही. तुमची पाच अवजारं एकाच एक्स्टेन्शनमध्ये पाच कमांड म्हणून टाका, अवघड काहीच नाही, सध्या प्रत्येकाच्या फोल्डरमध्ये एक पॅकेज डॉट जेसन आणि एक एक्स्टेन्शन डॉट जेएस असेल, त्या पाच जेएसमधला कामाचा भाग उचलून एका फाइलीच्या ‘ॲक्टिव्हेट’ फंक्शनमध्ये एकाखाली एक रजिस्टर करायचा आणि जेसनमध्ये कमांडच्या यादीत पाच नावं द्यायची. टाइपस्क्रिप्ट नको, बंडलर नको, साधी जावास्क्रिप्ट पुरते. ठरावाचा मसुदा तर कोडमध्ये ठेवायचीही गरज नाही, तो स्निपेट, म्हणजे तयार मजकुराचा साचा, म्हणून द्या, जिथं गावाचं नाव, सूचक, अनुमोदक येतं तिथं टॅबचे थांबे ठेवा, टॅब दाबत दाबत भरत जायचं. फक्त एक ध्यानात ठेवा की स्निपेटमध्ये तारीख आपोआप येते ती इंग्रजी आकड्यात येते, मग ती मराठीत पाहिजे असेल तर तुमचं आकडेवालं अवजार उलट्या दिशेनेही चालायला पाहिजे.

हे झालं तरी तुमच्या पत्रातला तो विंडोज ७ वाला कॉम्प्युटर तुम्हाला अजून एकदा फसवणार आहे, आणि ते आत्ताच सांगून ठेवतो. विंडोज ७ वर व्हीएस कोडची १.७०.३ ही शेवटची आवृत्ती चालते, त्याच्या पुढची नाही. तुम्ही नव्या मशिनवर एक्स्टेन्शन बनवलं असेल तर जेसनमध्ये ‘इंजिन्स’ या ओळीत तुमच्या नव्या आवृत्तीचा आकडा पडलेला असतो, म्हणजे ‘यापेक्षा जुन्यावर चालणार नाही’ असं तुम्हीच लिहून दिलेलं असतं. तो आकडा १.७०.० करा. टाइप्सचं पॅकेज घेतलं असेल तर त्याचाही आकडा त्यापेक्षा मोठा ठेवू नका, नाहीतर व्हीएसआयएक्स बनवतानाच ते अडवतं. आणि आता खरी मेख. १.७४ आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ च्या शेवटापासून, कमांड नुसती यादीत लिहिली की ती दाबल्यावर एक्स्टेन्शन आपोआप जागं होतं. त्याच्या आधी तसं नव्हतं, ‘ॲक्टिव्हेशन इव्हेंट्स’ या ओळीत प्रत्येक कमांड वेगळी लिहावी लागायची. नेटवरचे आजचे धडे ती ओळ गाळतात कारण आता लागत नाही, आणि तुम्ही तो धडा पाहून बनवलं की तुमच्या मशिनवर मस्त चालतं, त्या जुन्या मशिनवर कमांड दिसते पण दाबली की ‘कमांड नॉट फाउंड’. मी याच्यापायी एक अख्खा दिवस घालवलाय, मोटारसायकलने २२ किलोमीटर जाऊन, आणि त्यात दुपारी लाईन गेली ती चार वाजता आली. तेव्हा पाचही कमांड त्या ओळीत लिहा, नव्या आवृत्तीला त्याचा काही त्रास होत नाही.

व्हीएसआयएक्स बनवायला व्हीएससीई नावाचं अवजार लागतं आणि त्याला नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) लागतो, पण हे फक्त तुमच्या मशिनवर, गावोगावच्या पंचायतींत नोड टाकत फिरू नका. रीडमी फाइल कोरी साचेबंद तशीच ठेवली तर व्हीएससीई पॅक करायलाच नकार देतं, तिथं घाबरू नका, दोन ओळी मराठीत लिहून टाका की हे काय आहे, त्या ओळी पुढं तुमच्याच कामी येतात.

समजा एकच एक्स्टेन्शन करणं जमत नाही, पाच वेगळीच ठेवायची आहेत, तर पाचही व्हीएसआयएक्स पेनड्राइववर एका फोल्डरमध्ये ठेवा आणि बाजूला एक बॅच फाइल, जी एकेक फाइल उचलून ‘कोड, इन्स्टॉल एक्स्टेन्शन’ ही कमांड चालवेल. यात लोक हमखास एका जागी पडतात. विंडोजवर ‘कोड’ ही कमांड स्वतःच एक बॅच फाइल आहे, त्यामुळे तिच्या आधी ‘कॉल’ हा शब्द लिहिला नाही तर पहिलं एक्स्टेन्शन लागतं आणि तुमची फाइल तिथंच संपते, बाकीची चार तशीच राहतात, एरर काही येत नाही. आणि फॉर लूप बॅच फाइलीत लिहिताना टक्क्याचं चिन्ह दोनदा द्यायचं असतं.

पण तुमच्यासारख्या कामाला मला सगळ्यात आवडतो तो घरूनच डबा भरून न्यायचा मार्ग. व्हीएस कोडची झिपवाली आवृत्ती घ्या (१.७०.३ चीच घ्या म्हणजे जुन्या-नव्या दोन्हीकडे चालेल), ती उघडा, आणि जिथं कोड डॉट इएक्सइ आहे तिथंच शेजारी ‘डेटा’ नावाचं एक रिकामं फोल्डर इंग्रजीत नाव देऊन बनवा. बस, एवढ्यानं तो पोर्टेबल होतो, म्हणजे एक्स्टेन्शन, सेटिंग, सगळं त्या डेटा फोल्डरमध्येच राहतं. मग घरी बसून, नेट असताना, सगळी अवजारं लावा, फॉन्ट लावा, तपासा, आणि अख्खं फोल्डर झिप करून न्या. झिप करूनच न्या हं, त्यात हजारो बारीक फाइली असतात, तशाच कॉपी करायला घेतल्या तर चहा पिऊन, पान खाऊन, सरपंचांशी गप्पा मारूनही संपत नाही. तिथं डी ड्राइववर उघडायचं आणि चालवायचं, पेनड्राइववरून थेट चालवू नका. याचा अजून एक फायदा असा की साध्या इन्स्टॉलमध्ये एक्स्टेन्शनं ज्याच्या विंडोज लॉगिनमध्ये टाकली त्यालाच दिसतात, ग्रामसेवकांच्या लॉगिनमध्ये लावली तर परिचालकाला दिसत नाहीत आणि तो म्हणतो तुमचं काहीच आलं नाही. पोर्टेबलमध्ये ही भानगड नाही.

प्रश्न : भाऊ, आमचा लग्नपत्रिका, पॉम्प्लेट, वाढदिवसाचे बॅनर छापायचा लहान धंदा आहे. पंधरा वर्षांचा सगळा मॅटर कृतीदेवमध्ये आहे, आता गिऱ्हाईक म्हणते मोबाइलवर पाठवा, तिथं ते सगळं इंग्रजी अक्षरं दिसते. मी नोटपॅड प्लस प्लसमध्ये एकेक अक्षर शोधून बदलायचा मॅक्रो बनवला, अर्धं बरोबर येते, अर्धं सगळं गिचमिड. व्हीएस कोड टाकून पाहिला तर माझ्या ४ जीबीच्या मशिनवर पेजमेकरसोबत तो रखडते. मॅक्रोनं हे होईल काय? का उगाच डोकं फोडून रायलो?
(एक मुद्रक, अंजनगाव सुर्जी, जि. अमरावती)

उत्तर : होईल, आणि तुम्ही अर्ध्यापर्यंत आलात म्हणजे रस्ता बरोबरच आहे. गिचमिड का होते ते समजलं की बाकीचं तुमचं तुम्हीच कराल.

कृतीदेव हा टाइपरायटरच्या डोक्याने चालणारा फॉन्ट आहे. कागदावर जे आधी दिसतं ते आधी टाइप होतं. युनिकोड (मोबाइलवर, नेटवर चालतो तो) उच्चाराच्या डोक्याने चालतो, जे आधी बोलतो ते आधी. तुमच्याच धंद्यातला शब्द घ्या, पत्रिका. कृतीदेवमध्ये तो असा बसलेला असतो: आय म्हणजे प, मग एफ म्हणजे पहिली वेलांटी, मग बरोबरचं चिन्ह म्हणजे त्र, मग डी म्हणजे क, आणि के म्हणजे काना. पाहा, वेलांटी ‘त्र’च्या आधी आली. युनिकोडमध्ये ती ‘त्र’च्या नंतर लागते. नुसतं अक्षराला अक्षर बदललं तर वेलांटी चुकीच्या जागी राहणार, आणि ती प ला जाऊन चिकटणार, ‘पित्रका’ होणार. रफाराचं याच्या उलट. ‘कर्म’ मध्ये रफार म्हणजे कॅपिटल झेड, तो म च्या नंतर येतो, ‘वर्षा’ मध्ये तर काना झाल्यावर शेवटी येतो. युनिकोडमध्ये तो त्या अक्षराच्या आधी जायला पाहिजे. म्हणजे वेलांटीला पुढं उडी, रफाराला मागं उडी.

तेव्हा मॅक्रो दोन टप्प्यांत करा. पहिल्या टप्प्यात अक्षरं बदला, पण क्रम महत्त्वाचा, लांब जोडी आधी आणि एकटं अक्षर नंतर. के म्हणजे काना, लहान एस म्हणजे मात्रा, आणि दोन्ही मिळून ओकार. तुम्ही आधी के बदलून टाकला तर पुढे ओकार कधी मिळणारच नाही, काना आणि मात्रा अशी दोन वेगळी चिन्हं शेजारी बसतात, ‘लाेक’ असं काहीतरी होतं. हे डोळ्याला जवळपास बरोबर दिसतं म्हणून पकडत नाही कोणी, नेटवर बम ठिकाणी असा मजकूर पडलाय, पण ‘लोक’ शोधलं तर सापडत नाही. तसंच व्ही म्हणजे अ, व्ही-के म्हणजे आ, व्ही-के-एस म्हणजे ओ, तर सुरुवात व्ही-के-एसपासून करा. थ चंही तसंच, कॅपिटल एफ आणि के मिळून पूरा थ, नुसता कॅपिटल एफ म्हणजे अर्धा थ.

दुसऱ्या टप्प्यात, सगळं देवनागरी झाल्यावर, रेग्युलर एक्स्प्रेशनने (नमुना देऊन शोधायची-बदलायची सोय) उड्या मारा. वेलांटीनंतर ‘व्यंजन आणि पाय मोडल्याचं चिन्ह’ ही जोडी कितीही वेळा, शून्य वेळासुद्धा, आणि मग एक पूर्ण व्यंजन, एवढा सगळा गठ्ठा पकडायचा आणि वेलांटी त्याच्या नंतर टाकायची. एकाच अक्षरावरून उडी मारली तर ‘पत्रिका’सुद्धा अडकते, कारण युनिकोडमध्ये ‘त्र’ हेच मुळी त, पाय मोडल्याचं चिन्ह आणि र असं तीन तुकड्यांचं असतं, आणि ‘स्थिती’ची तीच गत, तिथं स आणि थ दोन्ही ओलांडायचे आहेत. रफारासाठी हेच उलटं, मागचा काना-मात्रा असेल तर त्याच्यासकट.

नोटपॅड प्लस प्लसच्या मॅक्रोत शोधा-बदला रेकॉर्ड होतं, त्यामुळे व्हीएस कोड नसला तरी चालतंय, ४ जीबीच्या मशिनवर मी तर हेच सुचवीन. हा एडिटर २००३ पासून आहे आणि अजूनही अंगानं हलका आहे. मॅक्रो शॉर्टकट्स डॉट एक्सएमएल नावाच्या फाइलीत साठतात, ॲपडेटाच्या आत नोटपॅड प्लस प्लसच्या फोल्डरमध्ये, ती फाइल दुसऱ्या मशिनवर तिथंच टाकली की झालं इन्स्टॉल. फक्त ती फाइल नोटपॅड प्लस प्लस चालू असताना बदलू नका, बंद होताना तो स्वतःजवळचं जुनं त्यावर लिहून टाकतो आणि तुमची मेहनत जाते. साध्या विंडोजच्या नोटपॅडमध्ये उघडून बदला.

आणि एक इशारा. कृतीदेवचा मजकूर साध्या एडिटरमध्ये आणला की फॉन्टची ओळख पुसली जाते, कोणतं खरं इंग्रजी आणि कोणतं मराठी हे मशिनला कळत नाही, वराकडचा ईमेल पत्ता किंवा डिग्री इंग्रजीत लिहिली असेल तर तिचंही मराठी करून टाकेल. म्हणून मॅक्रो अख्ख्या फाइलीवर न चालवता निवडलेल्या ओळींवरच चालवा, बदला खिडकीत ‘इन सिलेक्शन’ची खूण असते. शिवाजी नाहीतर श्रीलिपीचा मॅटर असेल तर हे टेबल चालणार नाही, त्यांचे नकाशे वेगळे, प्रत्येकाचा मॅक्रो वेगळा करा आणि नावात फॉन्ट लिहा. तपासायला एक फाइल कायमची ठेवा, त्यात पत्रिका, कर्म, वर्षा, स्थिती, लोक, ओटी, क्षत्रिय, श्रीमती, ज्ञानेश्वर असे वीसेक शब्द, मॅक्रोत काही बदल केला की आधी तिच्यावर चालवायचा मग गिऱ्हाइकाच्या मॅटरवर.

प्रश्न : सर, मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. दोन याद्या जुळवायच्या होत्या, एक मी टाइप केलेली आणि एक वरून आलेली. वऱ्हाडे आडनावाची तीन मुलं दोन्ही यादीत डोळ्यांनी दिसतात, पण एडिटर म्हणतो सापडत नाही. कॉम्प्युटर खराब आहे का?
(एक शिक्षिका, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर)

उत्तर : ताई, कॉम्प्युटर धडधाकट आहे, घोळ आपल्या वऱ्हाडाच्या नावातच आहे! हा जो आडवा झुपकेदार र आहे ना, वऱ्हाड, पऱ्हाटी, शेतकऱ्यांची, दुसऱ्या, यातला, तो दोन तऱ्हेनं लिहिता येतो. एक म्हणजे ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि त्याचा पाय मोडायचा, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून जे आणि मग डी. दुसरी तऱ्हा म्हणजे साधा र, पाय मोडायचा आणि पुढं एक अदृश्य चिन्ह, झिरो विड्थ जॉइनर म्हणतात त्याला. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे, मशिनला मात्र दोन वेगळे शब्द. तुमची यादी एका तऱ्हेची आणि वरून आलेली दुसऱ्या.

याचं अवजार म्हणजे एका ओळीचा बदल, र, पाय मोडल्याचं चिन्ह आणि ते अदृश्य जॉइनर असं तिघांचं त्रिकूट दिसलं की त्याजागी ऱ आणि पाय मोडल्याचं चिन्ह. वरच्या यवतमाळच्या भाऊंनी त्यांच्या पाच कमांडमध्ये ही सहावी टाकावी असं मी म्हणेन, शेतकऱ्यांच्या याद्या तेही करतात. पण एक करू नका, अदृश्य चिन्हं नकोत म्हणून सगळी सरसकट पुसू नका. र च्या पुढचं पुसलं तर वऱ्हाडचं ‘वर्हाड’ होतं, रफार ह च्या डोक्यावर जाऊन बसतो, आणि मग तिसरीच तऱ्हा तयार.

असंच ‘ॲ’ चं आहे. ॲड, ॲप यातलं पहिलं अक्षर युनिकोडमध्ये एकसंध असं २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत आलं. त्याच्या आधीची मंडळी अ ला वरून चंद्र देऊन काम भागवायची, आणि बरेच कीबोर्ड अजून तसंच करतात. प्रोग्रामर मंडळी म्हणतील नॉर्मलाइझ करा, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करा, तर त्या नॉर्मलायझेशनने हे दोन एक होत नाहीत, ऱ च्या जॉइनरवाल्या तऱ्हेचंही होत नाही, हाताने नियम लिहावाच लागतो. आणि यादी जुळल्यावर सीएसव्ही करून एक्सेलमध्ये उघडणार असाल तर ‘यूटीएफ-८ विथ बॉम’ निवडून सेव्ह करा, नाहीतर नावांच्या जागी किडे-मुंग्या दिसतील आणि तुम्ही परत मलाच पत्र लिहाल.

प्रश्न : नोटपॅड प्लस प्लसमध्ये मित्राकडून प्लगइनची डीएलएल फाइल आणून प्लगइन फोल्डरमध्ये टाकली, दिसतच नाही.
(ता. मेहकर, जि. बुलढाणा)

उत्तर : दोनच गोष्टी पाहा. ७.६ आवृत्तीपासून डीएलएल उघडी टाकून चालत नाही, प्लगइन्सच्या आत तिच्याच नावाचं फोल्डर करायचं आणि त्यात ती ठेवायची, फोल्डरचं नाव आणि फाइलचं नाव तंतोतंत एकच. दुसरं, मित्राचा एडिटर ३२ बिटचा आणि तुमचा ६४ चा असेल तर ती फाइल जन्मात चालणार नाही, ‘अबाउट’मध्ये लिहिलेलं असतं ते दोघांचं ताडून पाहा. नेट असेल तेव्हा प्लगइन्स ॲडमिनमधूनच घ्या, ही कटकटच नको.

प्रश्न : मी पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, दिवाळीत घरी आलोय, सोयाबीनचं काम चालू आहे आणि रेंज फक्त धुऱ्यावर येते. नव्या लॅपटॉपवर विम टाकला पण प्लगइन मॅनेजर नेटशिवाय काहीच करत नाही. होस्टेलच्या मित्राने त्याचं सगळं पेनड्राइववर दिलंय, ते कसं लावू?
(ता. कारंजा, जि. वाशिम)

उत्तर : मॅनेजरला सुट्टी द्या. विम ८ मध्ये, २०१६ सालीच, पॅकेजची सोय आतच आली. घरच्या डॉट विम फोल्डरमध्ये (विंडोज असेल तर विमफाइल्समध्ये) ‘पॅक’ फोल्डर, त्यात कोणत्याही नावाचं एक फोल्डर, त्यात ‘स्टार्ट’, आणि स्टार्टच्या आत मित्राचं एकेक प्लगइन आपापल्या फोल्डरसकट कॉपी करायचं. विम पुन्हा उघडा, झालं. जे रोज लागत नाही ते ‘स्टार्ट’ऐवजी ‘ऑप्ट’मध्ये ठेवा आणि लागेल तेव्हा पॅकॲड म्हणून बोलवा. मदतीची पानं दिसत नसतील तर हेल्पटॅग्स ऑल एकदा चालवा. तुमची अवजारं आणि मित्राची अवजारं वेगळ्या नावाच्या दोन फोल्डरमध्ये ठेवा म्हणजे पुढं कुठलं कोणाचं ते कळतं.

जाता जाता, विम उघडल्यावर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा अशी ओळ दिसते, ती जाहिरात नाही बरं. विम लिहिणारे ब्रॅम मूलेनार २०२३ मध्ये वारले, पण त्यांनी हा प्रोग्राम पैसे न घेता दिला आणि द्यायचंच असेल तर तिकडच्या अनाथ मुलांना द्या म्हणाले.

प्रश्न : आमचं सेवा केंद्र आहे. माझा भाचा दुपारी बसतो, तो कुठून कुठून एडिटरच्या थीम, ॲड-ऑन, मांजर चालणारं, पाऊस पडणारं टाकत राहते. धोका आहे काय? का मीच उगाच चिल्लावून रायली?
(एक केंद्रचालक, ता. लाखनी, जि. भंडारा)

उत्तर : चिल्लावा ताई, बरोबर चिल्लावताय. व्हीएस कोडचं एक्स्टेन्शन म्हणजे काही रंगरंगोटी नाही, तो पूरा प्रोग्राम आहे, आणि व्हीएस कोडला त्या कॉम्प्युटरवर जे जे करायची मुभा आहे ते ते सगळं एक्स्टेन्शनलाही आहे, म्हणजे फाइली वाचणं, पुसणं, नेटवर पाठवणं. तुमच्या त्या मशिनवर लोकांचे आधार नंबर, बँक पासबुकाचे स्कॅन पडलेले असतात. मांजर गोड असेल हो, पण मांजर कोणी लिहिलं ते भाच्याला माहीत नाही. केंद्राच्या मशिनवर जेवढं कामाला लागतं तेवढंच ठेवा, बाकी त्याला त्याच्या लॅपटॉपवर करू द्या. काय काय टाकलंय ते पाहायला ‘कोड, लिस्ट एक्स्टेन्शन्स’ ही कमांड चालवा, यादी येते, अनोळखी दिसेल ते काढून टाका. आणि एडिटर अचानक रखडायला लागला तर कमांड पॅलेटमध्ये (कमांड शोधायच्या खिडकीत) ‘स्टार्ट एक्स्टेन्शन बायसेक्ट’ आहे, तो निम्मी निम्मी बंद करत कोणतं खोड्या करतंय ते शोधून देतो.

प्रश्न : माया पोरगा बारावीत आहे, तुमचा लेख वाचून म्हणते मीबी एडिटरचं अवजार बनवतो. मले यातलं काही समजत नाही. सुरुवात कशापासून करू देऊ?
(एक शेतकरी, ता. हिंगणघाट, जि. वर्धा)

उत्तर : भाऊ, आकड्यांपासून. निवडलेल्या मजकुरातले इंग्रजी आकडे मराठी करायचे आणि दुसऱ्या कमांडने मराठीचे इंग्रजी, एवढंच. युनिकोडमध्ये इंग्रजी शून्याचा नंबर ४८ आणि मराठी शून्याचा २४०६, पुढचे नऊही दोन्हीकडे ओळीने लागलेले, म्हणजे प्रत्येक आकड्यात २३५८ मिळवले की मराठी आणि वजा केले की इंग्रजी. बारावीच्या पोराला हे एका दुपारी जमेल. त्याला फक्त एक सांगा की कोणतंही अक्षर आलं तर त्यात २३५८ मिळवू नको, आधी ते शून्य ते नऊमधलं आहे का ते पाहा, नाहीतर गट नंबरमधली तिरपी रेघ आणि तारखेतला डॅश दोन्हीचं भलतंच काही होईल. झालं की तुमच्या सातबाऱ्यावरचे गट नंबर आणि क्षेत्र त्यात टाइप करून द्या, एकदा मराठी करा, परत इंग्रजी करा, आणि आधीचं आणि नंतरचं एकाखाली एक ठेवून तुम्हीच वाचून पाहा, तुमच्या वावराचा नंबर तुमच्याइतका कोणाला पाठ असणार.